मुक्या झालेल्या ओव्या

एखाद्यावर आळ घेणे ही केवळ वाणीची कृती असते, म्हणून ती माणसाला हलकी वाटते. चोरी करणाऱ्याच्या हाताला निदान भय असते; आळ घेणाऱ्याच्या जिभेला तेही नसते. साक्ष कोणाची मानावी आणि पुरावा कशाला म्हणावे याचा आपल्या पूर्वजांनी एवढा खल केला, तो 'निर्णय आधी आणि चौकशी मागाहून' असा अनर्थ घडू नये म्हणून. भूम तालुक्यातील ईट या गावी, महाशिवरात्रीच्या तोंडावर, नेमका तोच अनर्थ घडत होता. आणि तोही महादेवाच्या सभामंडपात.

देवळाच्या दगडी भिंतीला लागून विश्वस्तांनी एक लहानशी खोली बांधली होती. गावातील वृद्ध स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून तेथील संगणकात जतन केल्या जात. कल्पना उमादेवींची. दूरध्वनी खात्यात अभियंता म्हणून आयुष्य वेचून त्या गावी परतल्या होत्या. ओव्या मुद्रित करण्याचे काम करी आरोही, गावातल्याच शेतकरी घरातील पदवीधर मुलगी. या संग्रहातले सर्वांत मोलाचे धन म्हणजे सिद्धम्मांचा आवाज. सिद्धम्मांचे माहेर उमरग्याकडचे. त्यांची ओवी कानडीत सुरू होई आणि मराठीत विसावे. गेल्या आषाढात त्या वारल्या, लिंगैक्य झाल्या. त्यांचे चिरंजीव बंडप्पा हे देवळाचे अध्यक्ष. शिवरात्रीच्या जागरणात आईचा आवाज साऱ्या गावाला ऐकवायचा, असे त्यांनी ठरविले होते.

आणि रविवारी सकाळी कळले, की ओव्या नाहीत. एकही नाही.

१. बेल

उमादेवी सभामंडपात पोहोचल्या तेव्हा बंडप्पांच्या हातात ताम्हन होते, ताम्हनात पिंडीवरचा बेल होता, आणि समोर आरोही ताठ उभी होती. भोवती निम्मे गाव.

"उचल बेल," बंडप्पा म्हणाले. "उचल आन् सांग देवाम्होरं, म्या काय केलं न्हाय म्हून."

"नाही उचलणार."

"का?"

"मी काही केलंच नाही, तर शपथ कशाची घेऊ? तुमच्या घरातलं कुणी इथं उभं असतं, तर त्याच्यासमोर ताम्हन धरलं असतं का आप्पा?"

लोकांत कुजबुज झाली. बंडप्पांचा चेहरा लाल झाला. "बघा उमाअक्का, तुमीच हिला कामाला लावलीत. आता हिचं तोंड बघा! मन साफ असतं तर बेलाचं पान उचलायला जड झालं असतं व्हय?"

"अपमान जड असतो, बंडप्पा," उमादेवी म्हणाल्या. "झालं काय ते आधी सांगा."

सांगितले ते शंभुलिंगाने. हा बंडप्पांचा भाचा. भूमला त्याचे संगणकाचे दुकान होते आणि देवळाची सारी यंत्रे तोच सांभाळी. "अक्का, म्या सोताच्या डोळ्यानं बघितलंय. सकाळी ह्याच मशीनवर डिस्क उघडली. ओव्यांचं फोल्डर जाग्यावर हाय, पर आत काय सुदिक न्हाय. कुणी बसून पुसल्याबिगर असं व्हत न्हाय. जागरणाच्या पत्रिकेत नाव छापलं न्हाय म्हून रुसली व्हती ही."

"माझं नाव नसू दे," आरोही कडाडली, "पण ज्या बायांनी ओव्या म्हटल्या त्यांचं तरी छापा, एवढंच म्हणाले होते मी!"

"उद्या आरतीपस्तोर कबूल केलं तर ठीक," बंडप्पा म्हणाले. "न्हायतर पोलिसात अर्ज. माज्या अव्वाचा आवाज हाय त्यो. म्या सोडणार न्हाय."

आरोहीचा चेहरा आता उतरला. परंड्याच्या एका शाळेत तिची नुकतीच निवड झाली होती आणि पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला यायचा होता. त्या एका अर्जाने नोकरीही जाणार होती आणि नावही.

उमादेवींना संताप आला. परंतु तंत्र बिघडले की आवाज चढवायचा नाही, ही त्यांची जुनी सवय होती. "उद्याच्या आरतीपर्यंत ना?" त्या म्हणाल्या. "मग तोवर त्या खोलीत माझ्याखेरीज कुणी पाऊल टाकायचं नाही. शंभू, तूसुद्धा."

शंभुलिंगाने मान डोलावली. मात्र त्याची नजर खोलीच्या दाराकडे गेली आणि तेथेच खिळून राहिली.

२. पिवळी पाटी

खोलीत एक खुर्ची, एक ध्वनिग्राहक आणि देवळाच्या भिंतीवर बसविलेली लोखंडी फळी होती. संगणकाची पेटी त्या फळीवर.

"पूर्वी ही मेजावर होती ना?" उमादेवींनी विचारले.

"उंदरांनी वायरी कुरतडल्या, म्हणून श्रावणात शंभूदादांनी फळी ठोकली. पलीकडं आरतीचं मशीन बसवलं, तेव्हाच," आरोही उंबरठ्याबाहेरूनच म्हणाली.

ते यंत्र उमादेवींना ठाऊक होते. बटण दाबले की नगारा, झांजा आणि घंटा विजेवर एकदम वाजू लागत. आईच्या पश्चात बंडप्पांनी ते देवाला अर्पण केले होते. त्यावर तांबड्या अक्षरांत 'लिं. सिद्धम्मा यांच्या स्मरणार्थ' असे रंगविले होते. ते बसविताना गावातील वडीलधाऱ्यांनी बरीच चर्चा केली होती, कारण भिंत फार जुन्या घडीव दगडांची. देवाच्या दगडाला छिद्र पाडायचेच तर एकदाच पाडावे, पुन्हा नाही, अशी अट घालून त्यांनी संमती दिली होती.

"शनिवारी काय घडलं?"

"आरती चालू होती. मी नव्या ओव्या चढवत होते. पडदा गोठला. बंद करून चालू केलं, तर ओव्यांची डिस्कच दिसेना. दादांना फोन केला. ते सकाळी आले, डिस्क काढून खिशात घातली आणि बाहेर जाऊन म्हणाले, हिनं पुसलं."

"दुसरी प्रत?"

"ती दादा काढून ठेवणार होते. विचारलं की म्हणायचे, हाय गं, दुकानात हाय. आता म्हणतात, राहून गेलं."

"त्याआधी कधी काही खूण?"

आरोही आठवू लागली. "श्रावणानंतर पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी पाटी यायची. डिस्क तपासा, अशी. दादांना सांगितलं. दिवाळीनंतर ते आले, मला चहा आणायला पाठवलं, आणि मग ती पाटी कधी आलीच नाही. मला वाटलं, दुरुस्त झालं."

उमादेवींनी संगणक चालू केला. तो सुरू झाला. कारण त्याच्या पेटीत दोन डिस्क होत्या. संगणक ज्यावर चाले ती लहान डिस्क नव्या पद्धतीची, आत काहीच न फिरणारी. ती धडधाकट होती. ओव्या होत्या त्या मोठ्या, फिरत्या तबकडीच्या डिस्कवर. गेली ती तीच.

"माणसं विसरतात, लपवतात, रागावतात," उमादेवी म्हणाल्या. "पण संगणक आपल्या प्रत्येक दुखण्याची नोंद स्वतःच ठेवत असतो. कुणी सांगावं लागत नाही. कुणी वाचत नाही, एवढंच."

त्यांनी ती नोंद उघडली आणि श्रावणापासून वाचू लागल्या. डिस्कवर वाचन अयशस्वी; पुन्हा प्रयत्न. डिस्कवर लेखन अयशस्वी; पुन्हा प्रयत्न. पाने उलटली तरी तीच तक्रार. मग त्यांनी तक्रारींच्या वेळा पाहिल्या, आणि त्यांचा हात थांबला.

सकाळी एकही तक्रार नव्हती. दुपारी नव्हती. एकूण एक तक्रार सायंकाळच्या आरतीच्या वेळची होती.

"अक्का," आरोही पुटपुटली, "संध्याकाळी या खोलीत मीच असते."

३. रिकाम्या सायंकाळी

उमादेवींचे वडील संस्कृतचे अध्यापक होते. कारण शोधण्याची जुनी रीत त्यांनी मुलीला बालपणीच शिकविली होती: एक असताना दुसरे असते का, हे पाहावे, आणि पहिले नसताना दुसरेही नसते का, हे त्याहून काळजीपूर्वक पाहावे. जगातील निम्मे अन्याय दुसरा प्रश्न न विचारल्याने होतात, असे ते म्हणत.

त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. तक्रार नसलेल्या सायंकाळीही होत्या, थोड्या, विखुरलेल्या. त्या दिवशी आरोही रजेवर असती, तर तिची सुटका नव्हती. परंतु त्यांतली एक सायंकाळ वेळ अमावस्येची, साऱ्या गावाने शेतात जेवण्याच्या सणाची, होती. त्या दिवशी शिवारात बायांनी म्हटलेल्या ओव्या मुद्रित करून आरोही तिन्हीसांजेला परतली होती आणि खोलीत बसून तिने त्या चढविल्या होत्या. चढविल्याची नोंद होती. तक्रार मात्र एकही नव्हती.

म्हणजे आरोही असूनही दुखणे नव्हते. मग त्या सायंकाळी काय नव्हते?

नोंदीत आणखी एक ओळ होती: वीज गेली, संगणक बॅटरीवर चालू. प्रत्येक रिकाम्या सायंकाळी तीच ओळ.

उत्तर शोधीत उमादेवी देवळाच्या पायऱ्यांपाशी आल्या. तेथे सिदू बसला होता. पिढ्यान्पिढ्या या देवळाचा नगारा त्याच्या घराकडे. श्रावणापासून तो विजेकडे गेला होता. गावातल्या काहींचा संशय त्याच्यावरही होता, बंडप्पांनी तसे चारचौघांत बोलूनही दाखविले होते, आणि त्याला ते ठाऊक होते.

"या अक्का, या. आता माझा नंबर का?" सिदू हसला. "घ्या आळ. ज्याचं काम काढून घेतलं, त्याच्यावर चोरी बी लावा. म्हंजी हिशेब पुरा."

"चिडलास?"

"चिडलो व्हतो. आता नगाऱ्याला माणूस लागत न्हाय, बटण लागतंय. बटणाला तंबाखू बी लागत न्हाय, बरंय."

"मग आता कधीच वाजवीत नाहीस?"

"वाजवतो की! लाइट गेली की आप्पाला सिदू आठवतो. वेळ अमावस्येला सांजच्याला लाइट नव्हती. समदे शेतातून भज्जी आन् आंबील खाऊन जड झालेले. म्याच बडवला नगारा."

त्याच्या शेजारी पायरीवर बसून उमादेवी त्या रिकाम्या सायंकाळी बोटांवर मोजू लागल्या.

"अक्का? काय चुकलं का माजं?"

"नाही रे," त्या उठत म्हणाल्या. "चुकलं ते दुसऱ्याचं. उद्या आरतीला थांब. आणि घरून एक जाड वाकळ घेऊन ये."

"वाकळ? आरतीला?"

४. तांब्यातले पाणी

दुसऱ्या दिवशी सायंकाळी सभामंडप भरला. बंडप्पांनी अर्ज लिहून आणला होता. शंभुलिंग खांबाला टेकून उभा होता.

"बोला उमाअक्का. कुणी पुसल्या ओव्या?"

"कुणीच नाही," उमादेवी म्हणाल्या. "डिस्क मेली. श्रावणापासून ती मरत होती आणि रोज सांगत होती. खोलीच्या दारात या. जेवढे मावतील तेवढे."

त्यांनी संगणकात स्वतःच्या घरची एक जुनी, फिरत्या तबकडीची डिस्क बसविली होती. साऱ्यांसमोर त्यांनी विजेची दोरी उपटली. "आता हा बॅटरीवर आहे. विजेच्या झटक्याचं नाव कुणी घेऊ नका." मग काठोकाठ भरलेला तांब्या त्यांनी फळीवर, पेटीच्या शेजारी ठेवला. "आरतीचं बटण दाबा."

भिंतीपलीकडे यंत्र गरजले. तांब्यातले पाणी शहारले, त्यावर वर्तुळे उठली, आणि ते काठावरून ओघळून फळीवर सांडू लागले. पडद्यावर डिस्कच्या तक्रारींच्या ओळी एकापाठोपाठ उमटू लागल्या.

"आता सिदू, वाकळ."

सिदूने जमिनीवर वाकळ अंथरली. उमादेवींनी पेटी अलगद उचलून तिच्यावर ठेवली. पलीकडे यंत्र तसेच गरजत होते. पडदा मात्र शांत झाला. एकही ओळ उमटेना.

"या डिस्कमध्ये तबकडी गरगर फिरते," त्या म्हणाल्या, "आणि तिच्यावर केसाहूनही कमी अंतरावर एक बारीक टोक तरंगत असतं. तिला रोज हादरे दिलेत तर ते टोक एक दिवस तबकडीवर आदळणारच. शनिवारी आदळलं. वीज गेली की मशीन बंद पडायचं, सिदू हातानं वाजवायचा आणि डिस्क सुखानं चालायची. सिदूचा नगारा जमिनीवर असतो. मशीन भिंतीवर आहे."

"पर मशीन भिंतीच्या पल्याड हाय," बंडप्पा गोंधळून म्हणाले. "एवढा जाड दगुड! फळीला हादरा बसंल कसा?"

"दगडाला एकदाच छिद्र पाडायचं, अशी तुमची अट होती ना? शंभूनं ती पाळली. दगडातून आरपार बोल्ट घातले. पलीकडच्या टोकांना मशीन कसलं आणि अलीकडच्या टोकांना ही फळी. भिंत मध्ये असूनही नसल्यासारखी."

बंडप्पा पुढे झाले, फळीखालच्या बोल्टवर त्यांनी हात ठेवला, आणि चटका बसावा तसा मागे घेतला. लोखंड थरथरत होते.

"बंद करा!" ते ओरडले. "बंद करा ते मशीन!"

५. न पाहिलेले फोल्डर

यंत्र थांबले. शंभुलिंग पुढे सरसावला. "मामा, आता ही चूक झाली, कबूल. पर म्हायतीच नव्हतं कुणाला..."

"थांब," उमादेवी म्हणाल्या. आता त्यांचा आवाज चढला होता. "चुकीसाठी मी तुला बोलणार नव्हते. काल तू म्हणालास, सकाळी ह्याच मशीनवर डिस्क उघडली, फोल्डर रिकामं दिसलं. खरं?"

"व्हय... म्हंजी..."

"या संगणकाच्या नोंदीत शनिवारच्या आरतीनंतर ती डिस्क पुन्हा एकदाही भेटलेली नाही. मेलेल्या डिस्कवर भरलेलं फोल्डर दिसत नाही आणि रिकामंही दिसत नाही. मग तू पाहिलंस काय?"

शंभुलिंग मामाकडे पाहू लागला.

"आणि दिवाळीनंतरची एक दुपार. आरोही चहा आणायला गेलेली. तुझ्या नावानं प्रवेश झालेला आहे, आणि लगेच पिवळी पाटी दाखवणारा प्रोग्राम बंद. दुखणं बरं केलं नाहीस. रोग्याचं तोंड दाबलंस. का?"

"भ्यालो व्हतो अक्का!" तो एकदम फुटला. "बोल्ट म्याच घातले. मशीन आज्जीच्या नावाचं. त्येच्यापायीच आज्जीचा आवाज चाललाय, हे मामाला कोणत्या तोंडानं सांगू? म्हणलं, शिवरात्र झाली की गुमान डिस्क बदलीन..."

"आणि प्रत काढली नव्हतीस, म्हणून बदलणंही लांबवलंस. स्वतःचं भय झाकायला कुणाचं तरी नाव हवं होतं. ज्या पोरीनं तुला वेळेवर सावध केलं, तिचंच घेतलंस! तिच्या हातात बेल द्यायला निघाले होते सगळे, आणि तू खांबाला टेकून बघत होतास!"

मंडपातले जे लोक काल कुजबुजत होते, ते आता पायांकडे पाहू लागले. उमादेवींनी त्यांनाही सोडले नाही. "खाली काय बघता? यंत्रानं सहा महिने हाका मारल्या, मुलीनं तोंडानं सांगितलं. दोन्ही साक्षी तुमच्यासमोर होत्या. ऐकलंत कुणाचं, तर ज्याचा आवाज मोठा त्याचं!"

बंडप्पांनी अर्ज फाडला. मग ते गाभाऱ्यात गेले, पिंडीवरचे एक पान घेऊन आले आणि आरोहीपुढे उभे राहिले. पान त्यांच्या स्वतःच्या तळहातावर होते.

"पोरी, बेल उचलायचा व्हता त्यो म्या. उचललाय. तुजा काय दोष न्हाय. दोष माजा हाय. इचारायच्या आधी म्या निवाडा केला."

आरोहीचे डोळे भरले होते. पण मान वाकली नाही. "सिदूकाकांवरही बोललात, आप्पा. काल, सगळ्यांसमोर."

बंडप्पा वळले. "सिदू, तुजी बी माफी मागतो."

"माफी ऱ्हाऊ द्या आप्पा," सिदू म्हणाला. "आदी माजी वाकळ द्या. पेटी उचला तिच्यावरली."

कोणीतरी हसले, आणि त्या हसण्याने मंडपातली गाठ सैल झाली. अध्यक्षांच्या हुकुमावरून शंभुलिंगानेच पाना हाती घेऊन बोल्ट सोडविले आणि यंत्र भिंतीवरून उतरविले.

६. मागाहून

शिवरात्रीला सिद्धम्मांचा आवाज ऐकू आला नाही. मेलेली डिस्क पुण्याला धाडली होती. ती घेऊन स्वतः शंभुलिंग गेला, आणि तिच्यावरून जे निघाले ते घेऊन पाडव्याच्या सुमारास परतला. बरेचसे कायमचे गेले होते. कित्येक बायांच्या ओव्या अर्ध्यावर तुटल्या होत्या, काहींचे नावच उरले होते. जे गेले ते सोसावेच लागले.

सिद्धम्मांच्या थोड्या ओव्या मात्र वाचल्या. मंडपात त्या लावल्या तेव्हा आरोही परंड्याहून मुद्दाम आली होती. दाखला निर्मळ आला होता आणि शाळा सुरू झाली होती. वृद्ध आवाज कानडीतून उठला, मराठीत उतरू लागला. बंडप्पा डोळे मिटून ऐकत होते. मध्येच त्यांनी डोळे उघडले.

"हे मागं काय वाजतंय?"

आईच्या आवाजामागे, दूर कोठेतरी, एक संथ ठेका होता. खिडकीतून आत आलेला, मुद्रणाच्या वेळी कोणाच्या लक्षातही न आलेला.

"नगारा हाय आप्पा," सिदू दबक्या आवाजात म्हणाला. "माजाच. मशीनच्या आदीचा."

बंडप्पांनी ती ओवी पुन्हा लावायला सांगितली. आणि ती संपली तेव्हा आरतीची वेळ झाली होती, म्हणून सिदू उठून नगाऱ्याकडे गेला.

भिंतीतली ती छिद्रे अद्याप तशीच आहेत. दगडाला पुन्हा हात लावायचा नाही, असे ठरले आहे. त्या दगडाच्या छायेत जे कोणी बसतात, त्या साऱ्यांना महादेव सांभाळो. मान न वाकविणाऱ्या त्या मुलीचे शिकविणे फळो, सिदूच्या हातातला ठेका टिको, बंडप्पांच्या कानांत आईचा स्वर राहो. आणि शंभुलिंगाला पुढच्या वेळी भय वाटेल तेव्हा, त्या भयाआधी सत्य उच्चारण्याचे बळ मिळो.